जुन्या सायकलीच्या पोटातला इतिहास

पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा व्हॉल्व्हचा रेडिओ आज बंद पडला तर तो पुन्हा बोलता करणे अवघड असते. त्याचे व्हॉल्व्ह सहजी मिळत नाहीत आणि ते ओळखणारे कारागीरही थोडेच उरले आहेत. पण त्याच काळात घेतलेली काळी, दांड्याची, अठ्ठावीस इंची सायकल घेऊन आपण एखाद्या तालुक्याच्या गावी गेलो, तर तिच्यासाठी लागणारा कॉटर, छरे, चेन, आरे, ब्रेकचे रबर या बहुतेक वस्तू एकाच छोट्या दुकानात मिळतात. दुकानदार सायकल कोणत्या कारखान्याची आहे हे विचारीत नाही आणि ती कोणत्या साली घेतली हेही विचारीत नाही. डब्यात हात घालून तो वस्तू काढून देतो आणि ती बसते.

ती का बसते? ‘सायकल हे साधे यंत्र आहे म्हणून’, असे उत्तर बहुधा मिळते. ते पुरेसे नाही. चेनच्या कड्या, छरे, आरे आणि त्यांची निपले मोजली तर सायकलीत काही शेकडा सुटे तुकडे निघतात, आणि त्यांपैकी कित्येकांची मापे मिलिमीटरच्या लहानशा अंशापर्यंत जुळावी लागतात. खरे उत्तर इतिहासात आहे. १८१७ पासून पुढे सुमारे शंभर वर्षांत सायकल घडत गेली, आणि त्या काळात ती बनवणाऱ्यांनी काही निर्णय घेतले. झिजणारे भाग लहान व सुटे असावेत, झीज झाली तर ते आवळून घेता यावेत, आणि त्यांची मापे सगळीकडे सारखी असावीत. जुनी सायकल आज थोड्या पैशांत दुरुस्त होते ती या निर्णयांमुळे.

हे नीट समजून घेण्यासाठी आम्ही काही सहकाऱ्यांनी मिळून १९६० च्या दशकातली एक सायकल हाती घेतली. ती अनेक वर्षे एका पडवीत उभी होती. टायर फाटलेले, चेन गंजलेली, पायडल मारताना ‘कट् कट्’ असा आवाज आणि मागचे चाक वेडेवाकडे, अशी तिची अवस्था होती. खर्चाची मर्यादा आम्ही पंधराशे रुपये ठरवली आणि दोन नियम घालून घेतले. जो भाग अजून काम देतो तो बदलायचा नाही, हा पहिला. जुना रंग व त्यावरची सोनेरी रेघ तशीच ठेवायची, हा दुसरा. रंग नव्याने कधीही देता येतो, पण मूळ रंग एकदा खरवडला की तो परत येत नाही. पुण्यात कर्वेनगरला २०१७ साली विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय सुरू केले. तेथील सायकली पाहायच्या असतात. आमची सायकल मात्र रोज रस्त्यावर चालायला हवी होती. म्हणून जतन आणि वापर यांचा मेळ घालणे भाग होते.

सायकल पूर्ण खोलून, पुसून, तेल-ग्रीस करून पुन्हा जोडण्याला आपल्याकडे दुकानात ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. ‘ओव्हरहॉलिंग’ या इंग्रजी शब्दाचे हे मराठी रूप मूळ शब्दापेक्षा अधिक बोलके आहे! या कामाच्या ओघात एकेक भाग हातात येतो, आणि प्रत्येकाबरोबर इतिहासाचे एक पान उलगडते.

चाक : दाबाकडून ताणाकडे

जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्रेस यांनी १२ जून १८१७ रोजी आपले दोन चाकांचे लाकडी वाहन रस्त्यावर आणले. त्याला पायडल नव्हती. स्वार जमिनीला पाय मारीत पुढे जाई. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल जोडलेली वाहने बनू लागली, आणि १८६६ मध्ये पिएर लालमाँ यांनी अशा वाहनाचे अमेरिकेतील पेटंट मिळवले. या गाड्यांची चाके बैलगाडीच्या चाकांसारखीच होती. जाड लाकडी आरे, त्यांवर लोखंडी धाव. अशा चाकात वजन खालच्या आऱ्यावर पडते, म्हणजे आरा दाबला जातो. दाबाखाली वाकू नये म्हणून तो जाड असावा लागतो, आणि मग चाक जड होते.

१८६९ मध्ये फ्रान्समध्ये युजेन मेयर यांनी तारेच्या आऱ्यांच्या चाकाचे पेटंट घेतले. बारीक तार दाबली तर वाकते, पण ओढली तर मोठा भार सहन करते. म्हणून सर्व तारा आधीच ताणून ठेवायच्या. चाकावर वजन आले की खालच्या तारांमधला ताण कमी होतो, पण तो शून्यावर येत नाही, म्हणून त्या वाकत नाहीत. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये यात मोलाची भर घातली. त्यांनी आरे तुंब्यातून सरळ बाहेर न काढता तिरपे, एकमेकांना छेदून जाणारे असे बसवले. त्यामुळे चाक फिरवणारा जोर तुंब्याकडून धावेकडे नीट पोहोचू लागला. आपल्या सायकलीचे आरे आजही तसेच आहेत. अठ्ठावीस इंची सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. मागच्या चाकावर वजन अधिक पडते आणि चेनचा ओढही तेथेच असतो, म्हणून तेथे आठ आरे जास्त.

आमच्या मागच्या चाकाचे तीन आरे तुटले होते आणि चाक ‘आउट’ झाले होते. सगळे चाक बदलण्याची गरज नव्हती. तीन नवे आरे घातले आणि निपले थोडी थोडी फिरवून आउट काढला. धाव डावीकडे झुकली असेल तर तेथील उजव्या बाजूचे आरे पाव फेरा आवळायचे, डावीकडचे तेवढेच सैल करायचे आणि पुन्हा पाहायचे. यासाठी चाकाच्या दोन बाजूंना धरलेले खडूचे तुकडे पुरतात. खडू धावेला जेथे लागतो, तेथे चाक वाकडे आहे. ताण सारखा आहे की नाही हे कानानेही कळते. बोटाने आरा छेडला तर ताणलेली तार उंच स्वरात वाजते आणि सैल तार खाली बोलते. ताणलेल्या तारेच्या स्वराचा धडा शिकवताना सोनोमीटर नसेल तर हे चाक वर्गात न्यावे.

छरे : घसरण्याऐवजी लोळणे

लोखंडी आस लोखंडी भोकात फिरला की दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. मध्ये गोळ्या ठेवल्या तर त्या लोळतात आणि घर्षण पुष्कळ कमी होते. ही कल्पना सायकलीत आणण्याचे पेटंट १८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी घेतले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पॅरिस ते रुआँ अशी सुमारे १२३ किलोमीटरची शर्यत झाली. ती जेम्स मूर यांनी जिंकली आणि त्यांच्या सायकलीला छऱ्यांची बेअरिंगे होती.

पण एक अडचण होती. बेअरिंगातले सर्व छरे एकाच मापाचे हवेत. एखादा छरा थोडा मोठा असेल तर बहुतेक भार त्या एकट्यावर येतो, आणि तो स्वतः फुटतो किंवा कपाला खड्डा पाडतो. हाताने असे सारखे छरे घडवणे कठीण होते. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर यांनी १८८३ मध्ये पोलादी गोळ्या घासून एकसारख्या गोल करणारे यंत्र बनवले आणि छरे स्वस्त झाले. पुढे मोटारी आणि कारखान्यांतली यंत्रे याच छऱ्यांवर फिरली.

सायकलीच्या बेअरिंगाचा आणखी एक गुण दुरुस्ती करणाऱ्याला फार उपयोगी पडतो. त्यात एका बाजूला वाटीसारखा कप आणि दुसऱ्या बाजूला आट्यांवर पुढे-मागे सरकणारा कोन असतो. झीज झाली तर कोन थोडा आत घ्यायचा, वरून नट आवळायचा, की झाले. आम्ही सर्व छरे नवे घातले, कारण ते सर्वांत स्वस्त असतात आणि जुन्या-नव्यांची सरमिसळ करून चालत नाही. मागच्या चाकाला आणि पायडलांच्या मधल्या आसाला पाव इंची छरे लागले, पुढच्या चाकाला ३/१६ इंची. कोनांपैकी एकच खड्डे पडलेला निघाला, तेवढा बदलला. कोन बरोबर बसला हे ओळखण्याची खूण जुने कारागीर सांगतात. चाक अधांतरी धरून सोडले की व्हॉल्व्हची जड बाजू आपोआप खाली आली पाहिजे, आणि धाव धरून हलवली तर खडखड जाणवता कामा नये.

चेन : मोठ्या चाकाची सुट्टी

पुढच्या चाकालाच पायडल असतील तर एका फेऱ्यात गाडी चाकाच्या परिघाइतकीच पुढे जाते. अधिक वेग हवा म्हणून १८७० च्या दशकात पुढचे चाक मोठे होत गेले. स्वाराचे पाय पुरतील तेवढे, म्हणजे फार तर दीड मीटर व्यासाचे. त्या उंचीवरून डोक्यावर पडणे हा नित्याचा प्रकार होता.

यातून सुटका चेनने केली. मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये नव्या प्रकारची चेन बनवली. तिच्यात खिळ्याभोवती नळी आणि नळीभोवती फिरता रोलर होता. जोर लहान जागेवर न पडता नळीच्या लांबीभर वाटला जाई, त्यामुळे झीज कमी झाली. १८८५ मध्ये जेम्स स्टार्ली यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्रीत ‘रोव्हर’ ही सायकल आणली. जवळजवळ सारखी दोन चाके, मध्ये स्वार आणि मागच्या चाकाला चेन. आजच्या सायकलीची ओळख पटेल अशी ती रचना होती.

याचे गणित मुलांकडून करवून घ्यावे. आमच्या सायकलीला समोर ४४ दाते आहेत आणि मागे फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, अर्थात २.४४ वेळा फिरते. चाक २८ इंची, म्हणून ही सायकल ६८ इंची चाकाच्या गाडीइतकी धावते. एवढे मोठे चाक कोणाच्याही पायाला पुरले नसते!

सुरुवातीच्या अनेक चेनमध्ये दोन खिळ्यांमधले अंतर एक इंच असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अर्धा इंच हे माप रूढ झाले आणि आजही तेच आहे. म्हणून चेन झिजली की नाही हे पाहायला शाळेतली पट्टी पुरते. २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरली पाहिजे. ती १२ इंच आणि वर एक अष्टमांश इंच भरली तर चेन बदलावी. चेन ‘लांबली’ असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणलेले नसते. प्रत्येक खिळा व नळी थोडी झिजते आणि त्या झिजांची बेरीज आपल्याला दिसते. आमची चेन एक अष्टमांशाच्या पुढे गेली होती, म्हणून नवी घेतली. पायडल मारतानाचा आवाज मात्र चेनचा नव्हता. तो क्रँक आसावर घट्ट बसवणाऱ्या कॉटरचा होता. कॉटर म्हणजे एक लहान पाचर. ती झिजली की क्रँक प्रत्येक फेऱ्यात किंचित सरकतो. कॉटर काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्यावा, नाहीतर हातोड्याचा घाव छऱ्यांवर आणि कपावर जातो.

हवा : सर्वांत महाग भाग

रबरात हवा भरून चाक मऊ करण्याचे पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्येच घेतले होते. तेव्हा सायकलच नव्हती. घोडागाड्यांना ते महाग पडले आणि लोक ते विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर स्वतंत्रपणे बनवले आणि ते लगेच चालले. थॉमसन यांचे जुने पेटंट नंतर उजेडात आले आणि डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले. एखादी कल्पना रुजायला तिच्या गरजेचा काळ यावा लागतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

डनलॉप यांचे पहिले टायर चाकाला चिकटवलेले असे, त्यामुळे पंक्चर काढणे हा मोठा खटाटोप होता. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी कडेला तार असलेले, धावेत अडकून बसणारे टायर काढले. वर्षभराने वुड्स यांचा व्हॉल्व्ह आला. आपल्या सायकलीला अजूनही तेच दोन्ही आहेत. म्हणूनच रस्त्याच्या कडेला पाण्याची घमेली, सोल्यूशनची नळी आणि रबराचा तुकडा एवढ्या सामग्रीवर पंक्चर निघते.

आमच्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक रक्कम दोन टायर व ट्यूब यांत गेली. येथे काटकसर करता येत नाही. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या सायकलीचे रबर वरून ठीक दिसले तरी ऑक्सिजन व उन्हाने कडक झालेले असते. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर ते टायर वापरू नये. ब्रेकच्या रबराचीही तीच गोष्ट. गंज मात्र जवळजवळ फुकट निघतो. अडकलेल्या नटावर रॉकेल किंवा डिझेल सोडून रात्रभर ठेवावे. सुट्या लोखंडी भागांचा गंज चिंचेच्या कोळात भिजवून सुटतो, कारण त्यातले टार्टारिक आम्ल लोहाचे ऑक्साइड विरघळवते. नंतर लगेच धुऊन, वाळवून तेलाचा हात द्यावा. चकचकीत मुलामा असलेल्या हँडलवरचा गंज ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाने पाणी लावून घासला तर जातो. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ असल्याने मुलाम्याला ओरखडे पडत नाहीत.

आटे : सगळ्यांनी मान्य केलेले माप

आतापर्यंत आपण शोध पाहिले. पण हे सारे शोध लागूनही प्रत्येक कारखान्याने स्वतःच्या मर्जीची मापे ठेवली असती, तर आमची सायकल भंगारातच गेली असती. म्हणून सर्वांत महत्त्वाचा भाग उरतो, तो नट-बोल्टांवरच्या आट्यांचा.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच याची खात्री नसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा करून मोजले आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीसाठी इंचाला ठरावीक आटे. ती देशभर रूढ झाली. सायकलीच्या बारीक आसांना आणि पातळ नळ्यांना हे जाडे आटे सोयीचे नव्हते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेथील सायकल अभियंत्यांच्या संस्थेने वेगळे, अधिक बारीक आटे ठरवले. कोन ६० अंश आणि बहुतेक ठिकाणी इंचाला २६ आटे. पुढे तेच ब्रिटिश मानक झाले.

हे माप पसरवण्यात बर्मिंगहॅमच्या एका बंदुकांच्या कारखान्याचा मोठा वाटा आहे. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे ‘बीएसए’. सैन्याच्या बंदुकीचा एखादा भाग मोडला तर दुसऱ्या कोणत्याही बंदुकीचा तोच भाग त्यात बसला पाहिजे, ही अट त्या धंद्यात होती. ही शिस्त त्यांनी सायकलीच्या सुट्या भागांत आणली आणि १८९० च्या दशकात ते भाग लहान कारागिरांना विकले. गावोगावचे लोहार व यंत्रकार नळ्या जोडून सांगाडा बनवीत आणि बाकी भाग या कारखान्याचे घालीत. पायडलांच्या मधल्या कपाचे १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे हे माप अजूनही ‘बीएसए’ नावानेच ओळखले जाते.

माप सारखे नसेल तर काय होते, याचेही उदाहरण सायकलीतच आहे. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या बऱ्याच सायकलींत त्याच जागी २६ आट्यांचा कप ठेवला. व्यास जवळजवळ तोच, डोळ्यांना फरक दिसत नाही. पण २४ आट्यांचा कप त्यात एक-दोन फेरे जातो आणि अडकतो. जोर लावला तर आतले आटे कापले जातात आणि सांगाडाच कायमचा बिघडतो. अशी विलायती सायकल हाती आली तर तिचा मूळ कप जपून ठेवावा, बदलण्याच्या फंदात पडू नये. तसेच डाव्या पायडलचे आणि उजव्या कपाचे आटे उलटे असतात हेही लक्षात असावे. उजवा कप तर शक्यतो काढूच नये, जागेवरच पुसून तपासावा.

मापे भारतात आली

स्वातंत्र्यापूर्वी भारतात येणाऱ्या सायकली मुख्यतः इंग्लंडच्या होत्या आणि त्यांच्याबरोबर ही मापेही आली. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूर येथील टीआय सायकल्सची स्थापना ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने झाली. पुढच्या काही वर्षांत आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो हे कारखाने उभे राहिले. हीरोचे संस्थापक मुंजाल बंधू आधी सायकलीच्या सुट्या भागांचाच व्यापार करीत. लुधियानात लहान लहान कारखान्यांचे जाळे पसरले. कोणी फक्त आरे करी, कोणी फक्त पायडल, कोणी फ्रीव्हील. मापे ठरलेली असल्यामुळेच हे शक्य झाले. मोठा कारखाना नसलेला माणूसही एकच भाग नीट बनवून संपूर्ण देशाच्या सायकलींना पुरवू शकत होता. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने सायकलीच्या भागांसाठी भारतीय मानके तयार केली. १९८६ मध्ये हीरो ही सायकलींच्या संख्येत जगातील सर्वांत मोठी उत्पादक ठरली.

या इतिहासाचा खरा कस २०२० मध्ये लागला. ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना त्या वर्षी ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. पण रस्त्यावरच्या ॲटलस सायकली त्यामुळे बंद पडल्या नाहीत. त्यांचे छरे, चेन, आरे, कॉटर दुसरे कोणीतरी बनवतच होते. यंत्राचे आयुष्य ते बनवणाऱ्या कंपनीच्या आयुष्याला बांधलेले नसावे, ही गोष्ट साधणे सोपे नाही. आपल्या घरातल्या किती वस्तूंबद्दल आपण असे म्हणू शकतो?

शाळेशी संबंध

हा प्रश्न केवळ जुन्या वस्तूंच्या हौसेचा नाही. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींची संख्या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि या बाबतीतले मुलगे व मुली यांच्यातले अंतर ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम मुख्यत्वे जाणवला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली निवडक तालुक्यांतील गरजू मुलींना सायकलीसाठी मदत दिली गेली आहे.

पण सायकल मिळणे आणि ती चालू राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार किलोमीटर अंतर सायकलने वीस मिनिटांचे, पायी जवळजवळ तासाचे. एक कॉटर झिजला, चार आरे तुटले, टायर फुटला, की सायकल घराच्या कोपऱ्यात उभी राहते आणि पावसाळ्यानंतर ती कायमची गेली असे घरचे धरून चालतात. बाजारात दोन वाट धरलेल्या सायकली आता दिसतात. काहींमध्ये कप-कोनाऐवजी सीलबंद बेअरिंगे असतात. त्यांना वर्षानुवर्षे हात लावावा लागत नाही हा त्यांचा खरा गुण आहे, पण झिजली की ती आवळता येत नाहीत, पूर्ण बदलावी लागतात, आणि त्यांची मापेही अनेक आहेत. शहराजवळच्या ग्राहकाला हे परवडेल. तालुक्यापासून वीस किलोमीटरवरच्या मुलीला दुकानातल्या डब्यात मिळणारा पाव इंची छराच उपयोगाचा आहे.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. शाळेच्या छपराखाली किंवा एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी पडून असलेली एक सायकल निवडावी. घेण्यापूर्वी सांगाड्याचे सांधे आणि पुढचा चिमटा नीट तपासावा. तेथे तडा असेल तर ती सायकल सोडून द्यावी, कारण चालवताना चिमटा तुटणे जिवावर बेतू शकते. बाकी सर्व गोष्टी दुरुस्त होतात. गावातल्या सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला दोन शनिवार शाळेत बोलवावे आणि त्याच्या कामाचा मोबदला द्यावा. त्याच्या हातात जे ज्ञान आहे ते पुस्तकात सहसा मिळत नाही. पाना, हातोडा, पक्कड आणि निपलाची चावी एवढी हत्यारे पुरतात. टायर-ट्यूबचा खर्च सर्वांत आधी बाजूला काढावा, मग चेन, मग छरे, कॉटर व ब्रेकचे रबर. रंग आणि घंटी शेवटी, पैसे उरले तर.

काम करताना मुलांनी प्रत्येक भाग मोजून एका वहीत लिहावा. आऱ्यांची संख्या, दात्यांची संख्या, छऱ्याचा व्यास, २४ कड्यांची लांबी. मग शेजारच्या सायकलीची, वेगळ्या कारखान्याची व वेगळ्या वर्षाची, हीच मापे शेजारच्या रकान्यात लिहावीत. कोणती मापे जुळली आणि कोणती नाहीत, हे मुलांनीच शोधावे. पुढच्या वेळी कोणाची सायकल बंद पडली, तर कोणत्या सायकलीचा कोणता भाग तिला चालेल हे ती वही सांगेल.